छोटा म्युझिक प्लेअर वर्षानुवर्षं चालता ठेवण्यासाठी: बॅटरी, जॅक, कार्ड आणि फायली

कानसेन (धागाकर्ता)

फोन असताना वेगळा प्लेअर कशाला, हा वाद इथे नको; त्यावर धागे ढिगाने आहेत. ज्यांच्याकडे बटणांचा छोटा प्लेअर आहे आणि तो जमेल तितकी वर्षं वापरायचा आहे, त्यांच्यासाठी देखभालीची माहिती एका जागी गोळा करू.

अशा यंत्रात आधी काय जातं याचा क्रम बराचसा ठरलेला आहे. पहिली बॅटरी. मग हेडफोनचा जॅक आणि सतत दाबली जाणारी दोन-तीन बटणं. मग साठवण: हार्ड डिस्क असेल तर ती, कार्ड असेल तर ते. ओएलईडी पडदा असेल तर तो हळूहळू मंदावतो. मुख्य चिप सहसा या सगळ्यांना पुरून उरते. त्यामुळे 'प्लेअर गेला' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एकच भाग गेलेला असतो आणि तो बदलता येतो. फेकण्याआधी कोणता भाग गेला ते शोधा.

दुसरं म्हणजे प्लेअरमधली गाणी ही नेहमी प्रतच असावी, मूळ नव्हे. मूळ संग्रह संगणकावर आणि त्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर. एवढं असेल तर प्लेअर फॉरमॅट करायला हात कचरत नाही, आणि निम्म्या दुरुस्त्या फॉरमॅटनेच होतात.

आयपॉडवाल्यांसाठी खास: मूळ सॉफ्टवेअरमध्ये गाणी लपवलेल्या फोल्डरात, एफ००, एफ०१ अशा उपफोल्डरांमध्ये, चार अक्षरी निरर्थक नावांनी ठेवलेली असतात. संगणक बिघडला आणि संग्रह फक्त आयपॉडवर उरला, तर लपवलेले फोल्डर दिसतील असं सेटिंग करा, सगळं बाहेर कॉपी करा आणि एमपी३टॅग या प्रोग्रामने टॅगवरून (गाणं, गायक, अल्बम यांची नोंद) फायलींची नावं परत तयार करा. टॅग फायलीच्या आतच असतात, त्यामुळे ते शाबूत राहतात. नवीन संगणकाला जोडल्यावर 'पुसून सिंक करू का?' असं विचारलं जातं. तिथे घाईने 'हो' म्हणू नका.

ओहमचा_नियम

बॅटरीचं मी लिहितो.

आतला सेल लिथियम-आयन किंवा लिथियम-पॉलिमर असतो. पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, नाममात्र ३.७, आणि ३ च्या आसपास प्लेअर स्वतःला बंद करतो. हा सेल वापराने झिजतो तसाच नुसता पडूनही झिजतो. पडून झिजण्याचा वेग तापमान आणि तो किती भरलेला आहे यावर ठरतो. पूर्ण भरून तापलेल्या गाडीत ठेवलेला सेल एक गाणं न वाजवता क्षमता गमावतो.

रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवणं उत्तम, पण बहुतेक छोट्या प्लेअरांत चार्जिंग ८० वर थांबवायची सोय नसते आणि त्यासाठी घड्याळ लावून बसण्यात अर्थ नाही. रात्रभर जोडून ठेवू नका, उशीखाली चार्ज करू नका, एवढं पुरे. चार्जिंगच्या वेळी सेलचं तापमान ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये हवं.

महिनोन् महिने ठेवून द्यायचा असेल तर अर्ध्यावर ठेवा (सेलवर साधारण ३.८ व्होल्ट), पूर्ण बंद करा, आणि दर तीन महिन्यांनी बघून गरज असेल तर पुन्हा अर्ध्यापर्यंत आणा. बंद प्लेअरसुद्धा घड्याळासाठी थोडी वीज खात असतो. रिकामा करून खणात टाकलेला प्लेअर वर्षभराने उघडला की सेल मेलेला निघतो, तो याच कारणाने.

क्षमता किती उरली हे बॅटरीच्या चित्रावरून कळत नाही. आवाज ठरावीक पातळीवर, इक्वलायझर बंद, पडद्याचा दिवा बंद, एकच अल्बम पुन्हापुन्हा, आणि बंद होईपर्यंतचे तास मोजा. ३०० मिलिअँपिअर-तासांचा सेल १५ तास चालत असेल तर प्लेअर सरासरी २० मिलिअँपिअर घेतो. तोच नऊ तासांवर आला तर सेल ६० टक्क्यांवर आहे. निम्म्यावर आला की बदलायची तयारी करा, कारण त्यापुढची घसरण सहसा झपाट्याने होते.

नवी_पाटी

दोन वर्षं न वापरलेला प्लेअर चार्जरला लावला तर पडद्यावर काहीच येत नाही. संगणकालाही दिसत नाही. बॅटरी गेली असं समजायचं का?

ओहमचा_नियम

इतक्यात नको. सेल खूप उतरला असेल तर चार्जिंग चिप सुरुवातीला मुद्दाम अगदी थोडा प्रवाह देते, साधारण नेहमीच्या दहाव्या भागाइतका. व्होल्टेज ३ च्या वर येईपर्यंत पडदा पेटत नाही. अर्धा तास ते दोन तास तसाच राहू द्या, पण नजरेसमोर. फुगला किंवा गरम झाला तर लगेच काढा.

मधेच केबल बदलून बघा. फक्त चार्जिंगच्या तारा असलेली केबल लावली तर प्लेअर चार्ज होतो, पण संगणकाला दिसत नाही.

आणि हो, मल्टिमीटर लावणाऱ्यांसाठी: सेलच्या तारांवर शून्य व्होल्ट दिसलं म्हणजे सेल मेलाच असं नाही. सेलच्या डोक्याशी पिवळ्या टेपखाली छोटी संरक्षक पट्टी असते, ती व्होल्टेज फार उतरलं की जोडणी तोडते. चार्जर लावल्यावर ती परत जोडते. पट्टीच्या अलीकडे, थेट सेलच्या पत्र्यांवर मोजा. तिथेही २ व्होल्टच्या खाली असेल तर त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नका. इतका उतरलेला सेल आतून बिघडतो (तांबं विरघळून भलतीकडे जमतं) आणि चार्ज झालाच तरी भरवशाचा राहत नाही.

उगाच_बोलतो

यूएसबी-सी वाल्या स्वस्त प्लेअरांची एक गंमत. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत आणि लोक दुरुस्तीला नेतात. सी सॉकेटवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते पाहून चार्जर वीज सोडतो. काही कंपन्या तेवढेही वाचवतात. एका टोकाला जुनं चौकोनी ए असलेली केबल लावा, चार्ज होतो.

पानापक्कड

सेल बदलायचा असेल तर आधी जुन्यावरचा आकडा वाचा. सहा अंकी असतो. ३०३०४० म्हणजे जाडी ३.० मिमी, रुंदी ३० मिमी, लांबी ४० मिमी. जाडीचे पहिले दोन अंक दशांशात, बाकीचे पूर्ण मिलिमीटरमध्ये. हाच आकडा सांगून नवीन मागवा. प्लेअरच्या मॉडेलचं नाव सांगण्यापेक्षा हे खात्रीचं. त्याच मापात दुप्पट क्षमता छापलेली दिसली तर ती छापाईपुरतीच असते.

मग तारा मोजा. दोन असतील तर लाल धन, काळी ऋण. तीन असतील तर तिसरी तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची, बहुधा १० किलोओहमचा. तिसरी तार नसलेला सेल तीन तारांच्या प्लेअरला लावला तर काही प्लेअर चार्जच करत नाहीत. अशा वेळी जुन्या सेलवरचा थर्मिस्टर काढून नव्याला चिकटवतात. त्या जागी नुसता १० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा सल्ला नेटवर सापडेल. मी तो देणार नाही, कारण मग सेल तापला तरी प्लेअरला कळतच नाही.

उघडताना: स्क्रू बहुतेक फिलिप्स ००० किंवा ००, कुठे टॉर्क्स टी४-टी५. स्टिकरखाली आणि रबरी पायांखाली लपलेले असतात. क्लिपवर बसलेलं कव्हर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कोपऱ्यापासून सोडवत जा, धातूचं पातं नको. गोंद असेल तर हेअर ड्रायरने ६०-७० अंशांपर्यंत कडा गरम करा, पडद्याची बाजू टाळून. आयपॉडच्या पाचव्या पिढीत आणि क्लासिकमध्ये मागचं झाकण सुटलं की झटकन उघडू नका. बॅटरीची आणि जॅकची रिबन झाकणातून बोर्डकडे जाते, झटक्यात ती फाटते. पुस्तकासारखं थोडंसं उघडा, आधी बॅटरीच्या रिबनचं कुलूप उचला, मग जॅकची रिबन सोडवा.

डाग देताना (सोल्डरिंग करताना):

१. जुन्या सेलच्या तारा एकावेळी एकच कापा किंवा सोडवा. दोन्ही एकदम कात्रीत आल्या की शॉर्ट होतो.
२. सुटलेल्या टोकावर लगेच कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी).
३. सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंश, बोर्डावरच्या टिकलीवर दोन-तीन सेकंद, जास्त नाही. सेलच्या पत्र्याला थेट डाग कधीच देऊ नका.
४. आधी ऋण, मग धन. जोडण्यापूर्वी नव्या सेलची दिशा मल्टिमीटरने तपासा.

चौथ्यावर जोर देतोय. प्लगसकट येणाऱ्या सेलमध्ये लाल-काळ्याच्या जागा सगळे सारख्या ठेवत नाहीत. प्लग बरोबर बसतो, दिशा उलटी, आणि चार्जिंग चिप तिथल्या तिथे जाते.

नवी_पाटी

तासाभराने पडद्यावर बॅटरीचं चित्र आलं. धन्यवाद! पण झाकणाची एक बाजू किंचित वर आल्यासारखी दिसते. दाबली तर बसते.

पानापक्कड

दाबू नका! चार्जर काढा आणि बंद करा. पडदा किंवा झाकण उचललं जाणं, बटणं आपोआप दाबली जाणं, सपाट टेबलावर प्लेअर डुगडुगणं, ही सेल फुगल्याची लक्षणं. आत वायू झालेला असतो. टोचून वायू काढायचा नाही, परत चार्ज करायचा नाही. सेल चिकटवलेला असेल तर टोकदार काही खाली घालून उपटू नका. टेपच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा आणि दोरा किंवा प्लास्टिकची पट्टी सरकवत सोडवा. काढलेला सेल टोकांना टेप लावून, धातूच्या किंवा जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही.

कानसेन

आता जॅक. यातली एक खूण फार कामाची आहे. गाणं लावलं आणि वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज गायब, किंवा विहिरीतून आल्यासारखा. फाईल खराब नाही. जॅकमधली अर्थची (ग्राउंडची) जोडणी सुटली आहे. अर्थ तुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्या चॅनलमधला फरकच ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज बहुतेक मिक्सिंगमध्ये दोन्हींत सारखा असल्याने वजा होतो.

तपासायचा क्रम असा. आधी दुसरे हेडफोन. मग प्लग थोडा फिरवून बघा, अर्धा मिलिमीटर बाहेर ओढून बघा. ओढल्यावर नीट वाजलं तर जॅकच्या तळाशी कापसासारखी धूळ दाबून बसली आहे आणि प्लग पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून, लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून, उजेडात बघत ती बाहेर काढा. मग दातांच्या फटींत घालायचा बारीक ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून आत चार-पाच वेळा फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. ब्रशच्या मधली तार उघडी नसावी. तेलकट स्प्रे जॅकमध्ये मारू नये, त्यावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते.

एवढं करूनही फिरवल्यावर खरखर येत असेल तर जॅकच्या पायांचे बोर्डावरचे डाग चिरलेले असतात. उघडून त्यांना थोडं नवीन सोल्डर आणि फ्लक्स देऊन पुन्हा वितळवलं की काम होतं. सरळ प्लगची हेडफोन खिशात वापरल्याने जॅकवर तरफ बसते, म्हणून काटकोनी प्लग चांगला.

एकाच कानात आवाज येत असेल तर उघडण्याआधी सेटिंगमधला बॅलन्स मध्यावर आहे का ते बघा. हसू नका, हे कारण वारंवार निघतं.

उगाच_बोलतो

चार कड्यांचा, माइकवाला प्लग जुन्या तीन कड्यांच्या जॅकमध्ये घातल्यावरही आवाज असाच गायब होतो कधीकधी. माइकचं बटण दाबून धरल्यावर गाणं नीट वाजू लागलं तर तेच कारण.

फायलींचा_कारकून

आता माझं खातं.

कार्ड घेतल्यावर आधी ते खरं आहे का ते तपासा. नकली कार्ड ६४ जीबी सांगतं, पण आत ८ असतात. भरेपर्यंत कळत नाही आणि नंतर गाणी अर्ध्यात तुटतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात. ६४ जीबीला तास-दोन तास लागू शकतात. लागू द्या.

जुने प्लेअर ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड 'चालतं' म्हणतात. त्यावरची कार्डं एसडीएक्ससी आणि ती एक्सफॅटमध्ये (कार्डावर फायली मांडायची एक पद्धत; फॅट३२ ही जुनी) फॉरमॅट होऊन येतात. अडचण बहुधा या फॉरमॅटची असते, कार्डाची नाही. ६४ जीबी कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं की सॅन्सा क्लिप प्लससारख्या प्लेअरांतही चालतं. विंडोजची जुनी फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय देत नाही, त्यासाठी वेगळं छोटं साधन वापरावं लागतं. क्लस्टर (फॉरमॅट करताना विचारला जाणारा जागेच्या तुकड्याचा आकार) ३२ केबी ठेवा.

गाणी उलटसुलट क्रमाने वाजतात, ही तक्रार दर महिन्याला कुठे ना कुठे दिसते. साधे प्लेअर नावाप्रमाणे लावत नाहीत. फॅटच्या सूचीत ज्या क्रमाने नोंद झाली त्या क्रमाने वाजवतात. संगणक सूची नावाप्रमाणे लावून दाखवतो म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. उपाय दोन. लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवा, तो नोंदींचा क्रमच बदलतो. किंवा फोल्डर रिकामा करून गाणी एकेक अल्बम, नावाच्या क्रमाने परत टाका. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंक हवेत, नाहीतर १ नंतर १० येतो.

मॅकवरून कॉपी केल्यावर प्रत्येक गाण्याची जुळी फाईल दिसते, नावाआधी टिंब आणि अधोरेखा, आकार काही केबी, वाजत नाही. ती मॅकची जास्तीची माहिती. कॉपी झाल्यावर टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन (dot_clean) ही आज्ञा कार्डावर चालवा, मगच बाहेर काढा.

आणि 'सुरक्षित बाहेर काढा' हे दाबल्याशिवाय केबल ओढू नका. लिहिणं स्मृतीत अडकलेलं असतं, सूची अर्धवट राहते आणि प्लेअर पुढच्या वेळी 'लायब्ररी अद्ययावत करत आहे' वर तासन् तास अडकतो. तसा अडकला तर कार्ड काढून सुरू करा. सुरू झाला म्हणजे दोष कार्डावर. चेकडिस्क चालवा, तरी अडकला तर फोल्डर निम्मे-निम्मे करून टाकत जा. शेवटी एखादीच बिघडलेल्या टॅगची फाईल सापडते.

नवी_पाटी

मराठी गाण्यांची नावं चौकोन-चौकोन दिसतात, त्याला काही करता येतं का? आणि अल्बमचं चित्र काहींना दिसतं, काहींना नाही.

फायलींचा_कारकून

चौकोन दिसत असतील तर प्लेअरच्या फाँटमध्ये देवनागरी नाही. प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील तर टॅगचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलंय. दुसऱ्यावर इलाज आहे: एमपी३टॅगमध्ये सेटिंग आयडी३ आवृत्ती २.३, यूटीएफ-१६ असं करून सगळे टॅग पुन्हा जतन करा. २.४ आणि यूटीएफ-८ जुन्या प्लेअरांना बरेचदा कळत नाही. जुना आयडी३ आवृत्ती १ चा टॅग काढूनच टाका, तो ३० बाइटांत नाव कापतो आणि काही प्लेअर नेमका तोच वाचतात.

फाँट नसण्यावर मूळ सॉफ्टवेअरात सहसा इलाज नसतो. रॉकबॉक्समध्ये (मूळ सॉफ्टवेअरच्या जागी वापरायचं वेगळं सॉफ्टवेअर) देवनागरी अक्षरं असलेला फाँट टाकता येतो, पण अक्षरं जुळवणारी यंत्रणा नसल्याने वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. माझ्या मते छोट्या पडद्यासाठी फायलींची आणि टॅगची रोमन लिपीतली वेगळी प्रत ठेवणं बरं. मूळ संग्रहात देवनागरीच राहू द्या.

चित्र: जेपेग दोन प्रकारचं असतं, बेसलाइन आणि प्रोग्रेसिव्ह. छोटे प्लेअर प्रोग्रेसिव्ह उघडत नाहीत. ५०० बाय ५०० पिक्सेलच्या आत, बेसलाइन, १०० केबीपर्यंत ठेवा. दोन-तीन एमबीचं चित्र प्रत्येक गाण्यात कोंबलं तर जागा जातेच, शिवाय सूची तयार व्हायला वेळ लागतो.

श्रुतीभेद

फ्लॅकशिवाय (गुणवत्ता न घटवता गाणं साठवणारा फॉरमॅट) मजा नाही. जागा आहे तर एमपी३ कशाला?

फायलींचा_कारकून

संगणकावर फ्लॅकच ठेवा, पूर्ण सहमत. प्लेअरवर काय टाकायचं ते हिशोबाने ठरवा. किलोबिट प्रतिसेकंदाला ६० ने गुणून ८ ने भागलं की मिनिटाला किती केबी ते येतं. १९२ चं एमपी३ म्हणजे मिनिटाला १.४४ एमबी, पाच मिनिटांचं गाणं ७.२. ३२ जीबीत साधारण ४,४०० गाणी. फ्लॅक सरासरी ९०० धरलं तर गाणं ३४ एमबी आणि गाणी ९५० च्या आत. बाहेर, रहदारीत, साध्या इअरफोनवर १९२ च्या चांगल्या एमपी३ मधला आणि फ्लॅकमधला फरक नावं झाकून ओळखून दाखवा, मग बोलू. हार्ड डिस्कवाल्या प्लेअरात तर मोठ्या फायलींमुळे डिस्क जास्त वेळा फिरते आणि बॅटरी लवकर संपते.

प्लेअर ओपस हा नवा फॉरमॅट वाचत असेल तर ९६ ते १२८ पुरतं. मात्र एमपी३ वरून ओपस करू नका. दर वेळी फ्लॅकपासून करा.

श्रुतीभेद

नावं झाकून नाही ओळखता येणार कदाचित. ;) पण लाइव्ह मैफलीत दोन ट्रॅकच्या मध्ये एमपी३ तुटतं, फ्लॅक नाही. हे तरी मान्य करा.

फायलींचा_कारकून

मान्य. एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी शांतता भरतो. लेम एन्कोडर ती किती आहे याची नोंद फायलीत ठेवतो. प्लेअर ती नोंद वाचत असेल तर खंड ऐकू येत नाही, रॉकबॉक्स वाचतो. न वाचणाऱ्या प्लेअरसाठी सोपा तोडगा: पूर्ण मैफल एकच फाईल करा.

कानसेन

आवाजाच्या पातळीचंही लिहा कुणीतरी. एक गाणं कुजबुजतं, पुढचं ओरडतं.

श्रुतीभेद

हे मी सांगतो. प्लेअरला रिप्लेगेन (गाण्यांची पातळी सारखी करणारी टॅगमधली नोंद) कळत असेल तर संगणकावर फूबार२००० या प्रोग्राममध्ये सगळा संग्रह निवडून एकदा स्कॅन करा. टॅगमध्ये आकडे लिहिले जातात, आवाजाला हात लागत नाही. प्लेअरवर अल्बम ऐकताना 'अल्बम', सरमिसळ ऐकताना 'ट्रॅक' निवडा. रिप्लेगेन न कळणाऱ्यांसाठी एमपी३गेन. तो फायलीतलं पातळीचं मूल्यच बदलतो, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी, पुन्हा एन्कोड न करता, म्हणून गुणवत्ता घटत नाही. लक्ष्य ८९ डेसिबल असतं, तेच राहू द्या. हे मात्र प्लेअरच्या प्रतीवर करा, मूळ फायलींवर नको.

इक्वलायझरमध्ये खालचे सूर ६ डेसिबलने चढवले तर एकूण पातळी ६ ने उतरवा (रॉकबॉक्समध्ये 'प्रीकट'), नाहीतर जोरदार जागी आवाज फाटतो. त्याहून सोपं म्हणजे काही चढवण्याऐवजी बाकीचं उतरवा.

वाटसरू९

वाखू (वाचनखूण) साठवली. हार्ड डिस्कवाल्या आयपॉडचं कुणी लिहाल का? डिस्कमधून टकटक येते.

पानापक्कड

टकटक आली की आधी आतलं सगळं बाहेर कॉपी करा, तपासणी नंतर. मग मेन्यू आणि मधलं बटण आठ-दहा सेकंद धरून रीसेट करा. सफरचंद दिसताच मधलं आणि मागे जाण्याचं बटण धरा, निदानाचा पडदा येतो (पाचवी पिढी आणि क्लासिक). त्यात हार्ड ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) आहेत. 'रीअ‍ॅलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' शून्य किंवा शून्याच्या जवळ हवेत. शेकड्यात असतील तर डिस्क जायच्या मार्गावर आहे. मधलं आणि प्ले धरलं तर डिस्क मोड येतो, सॉफ्टवेअर बिघडलेलं असतानाही फायली तिथून काढता येतात.

बदली डिस्क शोधू नका. १.८ इंची डिस्क आता जुन्या आणि वापरलेल्याच मिळतात. आयफ्लॅशसारखं अ‍ॅडॅप्टर घालून एसडी कार्ड लावा. यंत्र हलकं होतं, आपटलं तरी धोका नाही, बॅटरी बरीच जास्त चालते, आणि डिस्कच्या रिकाम्या जागेत मोठा सेलही मावतो.

मर्यादा आधी बघून घ्या. २००७ च्या पहिल्या क्लासिकचं मूळ सॉफ्टवेअर १२८ जीबीच्या पुढे पत्ते मोजत नाही (२८ बिटांचे पत्ते, दर पत्त्याला ५१२ बाइट, गुणून बघा). २००९ च्या १६० जीबी क्लासिकला ही अडचण नाही. पाचव्या पिढीच्या ३० जीबीवाल्यात रॅम ३२ एमबी आणि ६०-८० वाल्यात ६४. मूळ सॉफ्टवेअर गाण्यांची यादी रॅममध्ये ठेवतं, त्यामुळे ३० वाल्यात मोठं कार्ड घालून हजारो गाणी भरली की तो अडखळतो, रीसेट होतो. दोष कार्डाला दिला जातो. आयपॉड मिनी याहून सोपा, त्यात मायक्रोड्राइव्ह आहे. त्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड थेट बसतं.

श्रुतीभेद

रॉकबॉक्स टाकायचं तर अगोदर मॉडेलची नेमकी आवृत्ती पाहा. २००१ मध्ये आर्कोसच्या प्लेअरांसाठी सुरू झालेला हा प्रकल्प अजून चालू आहे, २०२५ मध्ये ४.० आवृत्ती आली. पण प्रत्येक प्लेअरला तो चालत नाही: क्लिप प्लसला आहे, क्लिप स्पोर्टला नाही. आयपॉड फॅट३२ मध्ये असावा लागतो. मॅकवर फॉरमॅट केलेला असेल तर आधी विंडोजवर रीस्टोर करा. रॉकबॉक्स युटिलिटी बूटलोडर (सुरू होताना चालणारा छोटा प्रोग्राम) आणि फोल्डर दोन्ही टाकते, मूळ सॉफ्टवेअर शिल्लक राहतं. बॅटरी ५० टक्क्यांच्या वर असतानाच हे करा.

वाटसरू९

तासा-दोन तासांची व्याख्यानं ऐकताना बंद केलं की परत पहिल्यापासून सुरू होतं. कधी पुढे नेलं तर वेळ भलतीच दाखवतो.

श्रुतीभेद

दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यासाठी रॉकबॉक्समध्ये 'बंद करताना बुकमार्क' चालू करा. मूळ सॉफ्टवेअरात काही प्लेअर फक्त 'पॉडकास्ट' किंवा 'ऑडिओबुक' नावाच्या फोल्डरातल्या फायलींची जागा लक्षात ठेवतात, तिथे हलवून बघा. दुसरा आजार बदलत्या बिटरेटच्या एमपी३ चा. सुरुवातीची लांबीची नोंद नसेल तर प्लेअर अंदाजाने वेळ काढतो. फूबार२००० मध्ये 'व्हीबीआर हेडर दुरुस्ती' असा पर्याय आहे, काही सेकंदांचं काम. तरीही त्रास असेल तर एमपी३डायरेक्टकटने २०-३० मिनिटांचे तुकडे करा, पुन्हा एन्कोड होत नाही.

उगाच_बोलतो

अवांतर: जुन्या प्लेअरांचं रबरी आवरण चिकट होतं, धुळीने काळं पडतं. ते धुऊन जात नाही, कारण लेपच विघटित झालेला असतो. प्लेअर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर (टपकणारं नाही) कापड घ्या आणि लेप पूर्ण पुसून काढा, खाली साधं प्लास्टिक निघतं. पडद्याच्या काचेपासून आणि छापील अक्षरांपासून लांब, अक्षरंही पुसली जातात.

नवी_पाटी

सेल बाहेर काढला. दोरा सरकवून सहज निघाला. त्यावर ३०३०४० आहे, तारा दोन. दुकानदाराकडे ४०३०४० आहे, क्षमता जास्त म्हणतो. चालेल का?

पानापक्कड

नाही. एक मिलिमीटर जाड सेल दाबून बसवला की झाकण त्याच्यावर रेटतं. सेल वापरात थोडा फुगतोच, त्याला जाडीच्या दहाव्या भागाइतकी तरी मोकळी जागा हवी. ३०३०४० नसेल तर २८३०४० किंवा ३०३०३५ घ्या, तास थोडे कमी मिळतील. उरलेल्या फटीत फोमचा पातळ तुकडा ठेवा म्हणजे सेल हलणार नाही. खाली स्क्रूचं टोक किंवा डागाचा कोंब सेलच्या बाजूला वर आलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा आणि मगच झाकण लावा.